रोज एक आटा

मी, डॉक्टर हेमराज सुपडू बोरसे, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा वाकडे दात तारा लावून सरळ करण्याचा, राहणार लिंबायत, सुरत, आज हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणी दमदाटी केलेली नाही आणि गोड बोलून लिहवूनही घेतलेलं नाही. मला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे आणि दिवाळीचं बोलायला माझे डॉक्टर तयार नाहीत. दुखण्याची गोळी कालपासून घेतलेली नाही, उद्या कोणी म्हणायला नको की बुढ्ढ्याने औषधाच्या गुंगीत भलतंच लिहून ठेवलं. अक्षर वाकडं आलं तर ते पोटाच्या कळेमुळे आहे असं समजावं.

मागच्या वर्षी वकिलांकडून दोन पानी मृत्युपत्र टाइप करून घेतलं होतं. ते या लेखाने रद्द झालं. त्यात घर होतं, दवाखाना होता, बँकेतलं सगळं होतं. हिलाल नव्हता. हिलाल कोण, ते कलम पाचमध्ये येईल. आधीच लिहायला घेतलं होतं, तीन कागद फाडले. म्हणून सोप्यापासून सुरुवात करतो.

कलम १. राहता फ्लॅट, त्यातल्या सर्व सामानासह, माझी पत्नी नूतन हिचा. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे वाटणीचा प्रश्न नाही. नूतनने वीस वर्षं अडाजणला राहायला जाऊ म्हणून डोकं खाल्लं आणि मी वीस वर्षं म्हटलं की माझे पेशंट इथले आहेत. ते अर्धसत्य होतं. नदीपलीकडे माझ्यासारखे पन्नास होते, इथे मी एकटाच होतो आणि मला एकटं असणं आवडायचं. नूतन, आता फ्लॅट विकून तिकडे जा, माझ्या फोटोला विचारत बसू नकोस. बँकेतल्या ठेवी तुझ्याच आहेत, फक्त कलम सहामधली सोडून. त्या एका ठेवीवरून माझ्याशी भांडली होतीस, पण कलम पाच वाचल्यावर भांडणार नाहीस याची मला खात्री आहे.

कलम २. वडिलांची पान्यांची पेटी धाकटा भाऊ धर्मेंद्र याला द्यावी. आमचे वडील सुपडू बोरसे पारोळ्याकडून आले आणि एकतीस वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, मास्टर होते. मास्टर म्हणजे शाळेतला नव्हे. यंत्र बिघडलं की ज्याला हाक मारतात, तो मास्टर. धर्मेंद्राने ही पेटी बारा वर्षांपूर्वी मागितली होती आणि मी नाही म्हटलं होतं. त्याआधी, वडिलांच्या दहाव्याला, तो चारचौघांत म्हणाला होता की दादाला अहिराणीची लाज वाटते, घरात आईशीसुद्धा पुस्तकातलं बोलतो. त्या रागापायी मी पेटी अडवून ठेवली. धर्मा, तुझं खरं होतं. मी दवाखान्यात गुजराती बोललो, कॉलेजात इंग्रजी बोललो आणि घरात पुणेरी. ज्या भाषेत बापाने मला पाना धरायला शिकवलं ती मी पायपुसण्याला पुसून आत शिरायचो. त्याची किंमत मी दिली नाही, दुसऱ्याने दिली.

कलम ३. दवाखाना, दोन खुर्च्या, एक्स-रेचं यंत्र, सर्व चिमटे आणि पेशंटांच्या दातांचे प्लॅस्टरचे साचे, हे सर्व डॉ. लोकेश वानखेडे यांना. लोकेश माझ्याकडे सहा वर्षं काम करतो आहे. हात माझ्यापेक्षा हलका आणि जीभ माझ्यापेक्षा गोड. अट एकच. आज एकसष्ट माणसांच्या तोंडात माझ्या तारा आहेत, त्यातली एकही अर्ध्यावर सोडायची नाही. दुसऱ्याने सुरू केलेली केस घ्यायला आपल्या धंद्यात कोणी तयार नसतं. जो तो म्हणतो, आधीच्याने घाण करून ठेवली आहे. लोकेश, तूही म्हण, मी ऐकायला नसेन, पण पूर्ण कर.

दोन गोष्टी धंद्याच्या. दात सरकवणं सोपं आहे, सरकलेला दात जागेवर ठेवणं अवघड आहे. पुढचे दात सरळ दिसले की पोरी तार काढा म्हणून मागे लागतात, कारण लग्न ठरलेलं असतं. काढू नकोस. मागच्या दाढा नीट मिटल्याशिवाय काढलेली तार म्हणजे वर्षभरात परत वाकडे दात आणि नाव आपलं बद्दू. दुसरी गोष्ट, कतारगामचा तो दातांचा डॉक्टर, जो एक्स-रे न काढता मोबाइलवरचा फोटो पाहून प्लॅस्टिकचे साचे विकतो, त्याच्याशी माझ्यासारखं भांडत बसू नकोस. मी सात वर्षं भांडलो. हसतील त्यांचे दात दिसतील म्हणतात, त्याचे दिसत राहिले आणि माझा रक्तदाब वाढला.

कलम ४. सुषमा निकम, माझ्या दवाखान्यात एकोणीस वर्षं काम करणारी. फोन घेणं, वेळा देणं, पेशंटांची कार्डं सांभाळणं, खुर्चीशेजारी उभं राहून मला चिमटे देणं, हे सगळं ती एकटी करते. तिला लोकेशने कामावरून काढू नये, आणि तिच्या नावे पोस्टात जे ठेवलं आहे ते तिचं. सुषमाबाई, हे तोंड बंद ठेवल्याचं इनाम नाही. तुम्ही तोंड बंद ठेवलंत कारण मी ठेवायला लावलं. तुम्ही त्या दिवशी, जो कलम पाचमध्ये येईल, स्टूलवर बसून रडलात, तेव्हा मी म्हणालो, फाजीलपणा पुरे, पुढचा पेशंट पाठवा.

कलम ५. आता हिलाल.

हिलाल भावडू महाजन. लिंबायतमध्येच राहायचा, माझ्या वडिलांसारखाच लूमवर मास्टर होता. बायको धुरपदाबाई घरी साड्यांना टिकल्या लावायची. सन दोन हजार अठराच्या मे महिन्यात दोघं मुलीला, स्नेहाला, घेऊन आले. वय दहा. वरचा जबडा अरुंद, वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसायच्या, तोंड उघडं टाकून श्वास घ्यायची. या वयात टाळूच्या मधली शिवण कच्ची असते. टाळूला एक पेच बसवायचा आणि तो रोज थोडा थोडा उघडायचा, जबडा रुंद होतो. पेचाच्या मधोमध भोक असतं. त्यात बारीक किल्ली घालायची आणि पुढून मागे ढकलायची, दुसरं भोक समोर आलं की थांबायचं. ते पाव मिलिमीटर झालं. हे काम रोज घरी आईबापाने करायचं असतं.

मी काय सांगितलं ते लिहितो. मी घाईत होतो, संध्याकाळची केरळची गाडी होती. पेच बसवला, किल्ली हिलालच्या हातात दिली आणि म्हणालो, रोज एक आटा. माझं छापील कार्डही होतं, गुजरातीत, त्यावरही तेच, रोज एक आंटो. दोन वर्षं ते कार्ड वाटत होतो आणि काही बिघडलं नव्हतं, कारण घेणारे दुकानदार होते, मास्तरणी होत्या, त्यांच्या लेखी आटा म्हणजे एकदा फिरवणं. एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत फिरवून दाखवायचं असतं, तेही मी दाखवलं नाही. आठ दिवसांनी बोलवायचं असतं, मी पंधरा दिवसांनी बोलावलं.

ज्याने आयुष्यभर पाना धरला त्याच्यासाठी आटा म्हणजे एक पूर्ण फेरा असतो. त्यात शंकेला जागाच नाही. हिलालने घरी किल्ली घातली, ढकलली, दुसरं भोक आलं, आणि त्याच्या ध्यानात आलं की हा पावच आटा झाला. त्याने चार वेळा ढकललं, म्हणजे रोज एक मिलिमीटर. त्याने माझा शब्द अचूक पाळला, आणि त्या अचूकपणानेच घात केला. मी सुपडू मास्टरचा पोरगा. आटा म्हणजे काय हे मला सातव्या वर्षी ठाऊक होतं. हिलालच्या हाताला ग्रीस होतं हे मी पाहिलं होतं. तरीही माझ्या तोंडून तो शब्द गेला, कारण माझ्या डोक्यात तो आता दवाखान्याचा शब्द झाला होता.

चौथ्या दिवशी त्याने फोन केला. मी कोचीत होतो, सुषमाबाईंनी तो मला जोडून दिला. तो अहिराणीत म्हणाला, "पोर रडस, डॉक्टर. थांबू का?" मी विचारायला हवं होतं की किती वेळा फिरवता. एक प्रश्न. मी म्हणालो की दुखणारच, थोडं सोसायला शिकवा, बंद करू नका. मग परिषदेच्या हॉलमध्ये जाऊन माझं व्याख्यान दिलं. विषय होता, उपचारात पालकांचं सहकार्य.

बाराव्या दिवशी पेच पुढे जाईना म्हणून ते बोलावण्याआधीच आले. मी आदल्या दिवशीच परतलो होतो. स्नेहाने तोंड उघडलं. पुढच्या दोन दातांमध्ये बोट जाईल एवढी फट. अकरा मिलिमीटर. वरच्या दाढा खालच्यांच्या पार बाहेर, दातावर दात टेकत नव्हता. बाहेरच्या बाजूच्या हिरड्या फाटून वर सरकल्या होत्या, दोन दाढा हलत होत्या. तिचे डोळे सुजले होते, पण माझ्या खुर्चीत ती रडली नाही. बाहेर बाकावर सात-आठ पेशंट बसले होते. आणि मी ओरडलो.

"रोज एक सांगितलं होतं, तुम्ही चार वेळा फिरवलंत."

"चार वेळेला एक आटा होतो, डॉक्टर."

"मला शिकवू नका."

त्याने किल्लीकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "म्हणजे हे मी केलं?"

मी म्हणालो, "मग कोणी?"

याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. धुरपदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, ते पाहणं मी सात वर्षांत विसरलेलो नाही. त्यांच्यासमोर मी स्नेहाच्या कागदावर लिहिलं, पालकांकडून सूचनांचे उल्लंघन. ही नोंद खोटी आहे. त्याच आठवड्यात मी सगळी कार्डं फाडली आणि नवी छापली, एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत, दिवसातून एकदाच, चित्रासह. म्हणजे चूक कोणाची हे मला आठ दिवसांतच पक्कं कळलं होतं. एक जुनं कार्ड आणि तो खोटा कागद या मृत्युपत्राला जोडला आहे.

ते परत आले नाहीत. पेच कोणाकडून तरी काढून घेतला, पुढे काही केलं नाही. मीही शोधलं नाही. घर चार गल्ल्या सोडून होतं, तरी शोधलं नाही. पुढे ते कडोदऱ्याला गेल्याचं कळलं आणि, लिहायला लाज वाटते, मला बरं वाटलं.

मार्चमध्ये माझा रिपोर्ट आला, तेव्हा सुषमाबाईंना पत्ता काढायला सांगितलं. त्या जाऊन आल्या. हिलाल आता एका गोडाऊनला साड्यांच्या घड्या घालतो. त्या प्रकारानंतर त्याने पान्याला हात लावलेला नाही. लूमच्या मालकांनी बोलावलं, दुप्पट देतो म्हणाले, हा म्हणतो, माझ्या हाताचा भरवसा नाही. स्नेहा सतरा वर्षांची आहे. भाकर दुधात कुस्करून खाते, कारण तिच्या दाढा चावत नाहीत. हसताना ओढणी तोंडावर धरते. बापाला घरात कोणी काही म्हणत नाही, आणि तो मुलीच्या तोंडाकडे पाहून जेवत नाही, भिंतीकडे तोंड करून जेवतो.

दात मी वाकडे केले आणि पाना त्याने टाकला.

मी दोन वेळा सुषमाबाईंना पाठवलं, तो भेटला नाही. जूनमध्ये मी रिक्षा करून गेलो, उन्हात तासभर गोडाऊनच्या दाराशी उभा राहिलो. तो बाहेर आला, मला ओळखलं, माझं वाळलेलं शरीर पाहिलं आणि नमस्कार करून आत गेला. त्याने नमस्कार केला. शिवी दिली असती तरी मी घेतली असती. माझ्याकडे दिवस नाहीत. फोन तो उचलत नाही. सुषमाबाईंनी त्याच्या घरी दिलेली माझी चिठ्ठी त्याने उघडली का कळत नाही. मी असाच गेलो तर तो मरेपर्यंत समजेल की पोरीचं तोंड आपण बिघडवलं. एवढा एक माणूस मला मोकळा करून जायचा आहे आणि तेवढं एक काम होत नाही. म्हणून हे मृत्युपत्रात लिहिलं. मेलेल्याचा कागद वाचून दाखवायला वकील घरी येतो, वकिलाला कोणी दार लावत नाही.

हे कलम माझ्या पश्चात हिलालच्या घरी, धुरपदाबाई आणि स्नेहासमोर, मोठ्याने वाचावं. अहिराणीत समजावून सांगावं. माझी बाजू कोणी मांडू नये.

कलम ६. माझी एक मुदतठेव स्नेहा हिलाल महाजन हिच्या नावे. तिच्यावर अट नाही. लोकेशकडे उपचार करावे असं मला वाटतं, पण दुसऱ्या कोणाकडे केले तरी ठेव तिचीच. केले नाहीत तरी तिचीच. लोकेशने तिचा जुना एक्स-रे पाहिला आहे. तो म्हणतो, अडीच वर्षं तारा लागतील, हिरड्यांवर कातडी लावावी लागेल, अठरा पूर्ण झाल्यावर कदाचित जबड्याचं ऑपरेशन. दोन दाढा वाचतील असं तो म्हणत नाही. मी विचारलं, चावता येईल का? तो म्हणाला, येईल. हसता येईल का विचारलं नाही.

कलम ७. वरचं लिहून झालं तो बुधवार होता. आज रविवार. सही करण्याआधी हे कलम वाढवत आहे.

आज अकराच्या सुमारास हिलाल आला. चिठ्ठी त्याने उघडली नव्हती, स्नेहाने उघडली होती. तीच त्याला घेऊन आली. उंच झाली आहे. नूतनने पाणी दिलं, ते तिने तोंड वळवून प्यायलं. मी म्हणालो, बसा, मला काही वाचून दाखवायचं आहे. कलम पाच मी त्याला वाचून दाखवलं. मध्ये दोनदा थांबावं लागलं, कळ येत होती. प्रमाण मराठीत लिहिलेलं मी अहिराणीत सांगत गेलो. मोडकी आली, पण आली. स्नेहा रडत होती. ती वडिलांचा दंड धरून म्हणाली, "बाबा, ऐकलं ना? तुम्ही नव्हतं केलं." हिलालने ते जुनं कार्ड मागितलं. गुजराती अक्षरं बोटाने लावत वाचलं, परत दिलं. मान हलवली.

मला वाटलं, झालं. मार्चनंतर पहिल्यांदा पोटातली कळ मला जाणवेनाशी झाली. मी त्याला म्हणालो, हिलालभाऊ, ठेव स्नेहाच्या नावे आहे, तुमच्या नव्हे, त्यामुळे तुम्हाला साक्षीदार होता येतं, वकिलांना विचारलं आहे. या कागदावर साक्षीदार म्हणून तुमची सही पाहिजे. म्हणजे खरं काय घडलं त्याखाली तुमचं नाव राहील. पेन त्याच्यापुढे धरला.

त्याने पेन घेतला नाही. त्याचा आवाज चढला नाही. तो म्हणाला, "तुमची चूक तुम्ही लिहिली, बरं केलं. शब्द तुमचा होता. पण चौथ्या दिवसापासून पोर रोज म्हणायची, दुखस बाबा. मी तिचं डोकं मांडीत दाबून धरायचो आणि आटा पुरा करायचो. साक्षीदार बाजूला उभा असतो, डॉक्टर. हात तं मना व्हता."

मना, म्हणजे माझा; एवढी अहिराणी मला कोणी समजावून द्यावी लागली नाही. स्नेहाने उठून त्याच्या चपला सरळ करून ठेवल्या. जाताना तिने लोकेशची वेळ विचारली, सुषमाबाईंना फोन करून मंगळवारी दहाची दिली आहे. हिलाल तिच्यासोबत येईल का, हे मी विचारलं नाही.

त्याच्या वाट्याचं ओझं माझ्या नावावर करून घ्यावं म्हणून मी हे सगळं लिहिलं होतं. तसं होत नाही. कायद्यात तशी तरतूद नाही आणि असती तरी त्याने दिलं नसतं. तरी कलम पाच माझ्या पश्चात त्याच्या घरी एकदा वाचावं, ही आज्ञा कायम आहे.

एवढं सगळं मी वाचलं, खाडाखोड माझी आहे, आणि खालील दोघांच्या देखत सही करतो. त्यांनीही माझ्या देखत सह्या केल्या.

सही: हेमराज सुपडू बोरसे

साक्षीदार
१. भिकन तुळशीराम चौधरी, शेजारी, राहणार लिंबायत
२. मीराबाई रामजी सोनवणे, मला इंजेक्शन द्यायला येणाऱ्या नर्स, राहणार लिंबायत

साक्षीदारासाठी तिसरी ओळ आखली होती. ती मी स्वतः खोडली आहे.

ठिकाण: सुरत
दिनांक: २१ सप्टेंबर २०२५